पाणी की गाठ?

गोंदियाहून कामठ्याकडे निघालं की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या लागतात. बांधीतलं पाणी पिकासाठी साचवलेलं असतं. पण वस्तीतली तुंबलेली गटारं, उघड्यावर सोडलेलं सांडपाणी आणि झाकण नसलेल्या सेप्टिक टाक्या यांत क्युलेक्स डास वाढतो आणि त्याच्यामार्फत हत्तीरोग पसरतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, वर्धा हा सगळा पट्टा या रोगाच्या जुन्या मुक्कामाचा. रात्री आठनंतर आरोग्य कर्मचारी बोटातून रक्त घ्यायला दारात उभे राहिले, की बाहेरून आलेल्या सुनेला किंवा जावयाला नवल वाटतं. गावकऱ्यांना त्याचं कारण ठाऊक असतं. हत्तीरोग घडवणाऱ्या जंतांची पिल्लं दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्रीच अंगभर फिरतात, म्हणून तपासणीही रात्रीची.

मोठे जंत राहतात लसीकावाहिन्यांत. पुरुषांमध्ये त्यांचं एक नेहमीचं ठिकाण म्हणजे वृषणाकडे जाणारी दोरी. सोनोग्राफीच्या पडद्यावर ते तिथे वळवळताना अक्षरशः दिसतात आणि डॉक्टर त्याला ‘फायलेरियाचा नाच’ म्हणतात. तिथला निचरा बिघडला की वृषणाभोवतीच्या पिशवीत पाणी साचतं. सरकारी पत्रकात ती अंडवृद्धी, दवाखान्यात हायड्रोसील आणि गावात नुसतं ‘पाणी भरलंय’.

पाणी भरलेली माणसं इथे प्रत्येकाने पाहिलेली असतात. काका, आजोबा, शेजारचे पाटील. सैल धोतर किंवा लुंगी नेसून, थोडं फाकून चालत त्यांनी वर्षानुवर्षं रोवण्या आणि कापण्या केलेल्या असतात. दुखत नाही, जीवही जात नाही, मग घाई कसली? हा अनुभव खरा आहे आणि नेमका तोच एका वेगळ्या आजाराला आडोसा देतो. वीस-पंचवीस वर्षांच्या पोराच्या अंडकोषात सूज आली, की घरचे म्हणतात, ‘पाणी भरलं असन.’ मित्रही तेच म्हणतात, कधी कधी गावातला डॉक्टरही. पुष्कळदा ते बरोबरही निघेल. प्रश्न उरलेल्या वेळांचा आहे, कारण तिथे पाण्याऐवजी गाठ असू शकते आणि ती वृषणाच्या कर्करोगाची असू शकते.

हा कर्करोग आपल्याकडे विरळा आहे. भारतात वर्षाला एक लाख पुरुषांमागे एकालाही होत नाही. नॉर्वे आणि डेन्मार्कसारख्या देशांत हेच प्रमाण दहाच्या आसपास आहे. जगभर दरवर्षी सुमारे सत्तर हजार पुरुषांना तो होतो. पण त्याचं वय पाहिलं की काळजाचा ठोका चुकतो. बहुतेक रुग्ण पंधरा ते चाळीस या वयातले. तोंडाचा कर्करोग तंबाखूच्या वीस-तीस वर्षांनंतर गाठतो. हा मात्र कॉलेजात शिकणाऱ्याला, पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणाऱ्याला, नुकतंच लग्न ठरलेल्याला धरतो. उलट हत्तीरोगाचं पाणी वर्षानुवर्षांच्या डासचाव्यांनंतर, सावकाश, बहुधा चढत्या वयात वाढतं. म्हणून एवढं मनाशी पक्कं धरावं: सूज जितकी तरुण अंगावर, तितकं ‘पाणीच असेल’ हे उत्तर कच्चं.

मग गाठ ओळखायची कशी? आधी निरोगी वृषण हाताला कसं लागतं ते माहीत हवं, आणि आपल्याकडे ते कोणी शिकवत नाही. गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर अंडकोषाची कातडी सैल पडते. त्या वेळी एक वृषण दोन्ही हातांच्या अंगठा आणि बोटांमध्ये धरून हलकेच फिरवावं. उकडून सोललेल्या अंड्यासारखं ते गुळगुळीत आणि किंचित दबणारं लागतं. मागच्या बाजूला वरून खाली जाणारी एक मऊ, थोडी खडबडीत वळी लागते. ती शुक्रवाहक नळ्यांची गुंडाळी, अधिवृषण. पहिल्यांदा तपासणारा तिलाच गाठ समजून घाबरतो. ती प्रत्येकाला असते. एक वृषण दुसऱ्याहून थोडं मोठं असणं, डावं थोडं खाली लोंबणं, हेही नेहमीचंच.

संशय घ्यायचा तो याहून वेगळं काही लागलं तर. वृषणाच्या अंगातच, त्याला चिकटून, एखादी टणक जागा. ती पाच-सात मिलिमीटरची असेल किंवा सगळंच वृषण दगडासारखं घट्ट आणि जड झालेलं असेल. दाबल्यावर बहुधा दुखत नाही, आणि हीच खरी फसवी गोष्ट. आपल्या मनात दुखणं म्हणजे आजार आणि न दुखणं म्हणजे निर्धास्तपणा, असा हिशेब बसलेला आहे. या आजारात तो उलटा धरावा लागतो. काहींना गाठीऐवजी ओढ जाणवते: अंडकोष जड वाटतो, जांघेत किंवा ओटीपोटात मंद ठणका राहतो, सायकलवर बसताना एका बाजूला अडचण होते. क्वचित एखाद्याचं वृषण वाढण्याऐवजी लहान आणि कडक होतं.

कबड्डीत गुडघा लागला किंवा क्रिकेटचा चेंडू बसला आणि त्यानंतर गाठ सापडली, असं पुष्कळ जण सांगतात. माराने कर्करोग होत नाही. मार लागला म्हणून हात तिकडे गेला आणि आधीपासून असलेली गाठ लागली, असाच प्रकार बहुधा असतो. तरीही ‘मुका मार आहे, उतरेल’ म्हणून महिने निघून जातात. महिने हा इथे लहान काळ नाही. यातल्या काही जलद गाठी दहा ते तीस दिवसांत दुप्पट होतात.

पाणी आणि गाठ यांतला पहिला फरक दाखवणारी चाचणी अगदी साधी आहे आणि प्रत्येक डॉक्टर ती शिकलेला असतो. खोली अंधारी करून सुजेला मागून टॉर्च लावायचा. आत स्वच्छ पाणी असेल तर सगळी पिशवी लालसर उजळते आणि मध्ये वृषणाची सावली दिसते. भरीव गाठीतून उजेड पार होत नाही. पण हत्तीरोगाच्या मुलुखात या चाचणीवर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या हायड्रोसीलची पिशवी जाड होते, आतलं पाणी गढूळ किंवा दुधाळ असतं आणि उजेड अडतो. याच्या उलटही घडतं: दहा टक्क्यांच्या आसपास रुग्णांमध्ये गाठीमुळेच भोवती पाणी जमतं. मग टॉर्च लावला की पिशवी छान उजळते, सगळे निर्धास्त होतात आणि त्या पाण्याआड गाठ वाढत राहते. पाणी ताणून भरलेलं असलं तर बोटांना आतलं वृषण लागतच नाही. म्हणून तरुण माणसाला नव्याने पाणी भरलं, तेही काही आठवड्यांत, तर टॉर्च काहीही सांगो, सोनोग्राफी हवी. अंडकोषाची सोनोग्राफी म्हणजे जेल लावून वरून फिरवायचं यंत्र. सुई नाही, किरण नाहीत, काही मिनिटांचं काम. गाठ वृषणाच्या आत आहे की बाहेर, हे ती जवळजवळ नेहमी सांगते. आतली भरीव गाठ ही दुसरं काही सिद्ध होईपर्यंत कर्करोगच समजायची, असा शल्यचिकित्सेतला नियम आहे.

दुखरी सूज बहुतेक वेळा जंतुसंसर्गाची असते. ताप, लाली, लघवीला जळजळ, आणि गोळ्यांनी आठ-दहा दिवसांत उतार. उतार पडला नाही तर त्याच गोळ्या दुसऱ्या दुकानातून पुन्हा घेऊ नयेत. दोन आठवड्यांनंतरही सूज टिकली तर सोनोग्राफी करावी. कर्करोगाच्या कित्येक रुग्णांची पहिली चिठ्ठी अँटिबायोटिकचीच असते. आपल्याकडे क्षयरोगही इथे बसतो, पण तो सहसा मागच्या वळीत सुरू होतो आणि तिला गाठीगाठीची करतो. आणि एक दुखणं असं आहे की ज्यात सकाळची वाट पाहायची नसते. किशोरवयीन मुलाला अचानक, झोपेतून उठवणारी कळ आली, उलटी झाली, एक वृषण वर ओढलं गेलं, तर दोरीला पीळ पडलेला असू शकतो. ते कर्करोगाचं लक्षण नाही, पण साधारण सहा तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर वृषण जातं. मध्यरात्र असली तरी गाडी काढावी.

आता एक अशी गोष्ट, जिच्यामुळे या आजाराची लक्षणं भलत्याच ठिकाणी उमटतात. वृषण गर्भात तयार होतात ते पोटात, मूत्रपिंडांच्या शेजारी. जन्माच्या सुमारास ते खाली उतरून अंडकोषात येतात, पण येताना आपल्या रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्या वरूनच ओढत आणतात. त्यामुळे वृषणाचा कर्करोग पसरतो तेव्हा आधी जांघेत गाठी येत नाहीत. तो थेट पोटाच्या मागच्या भिंतीशी, कण्याच्या पुढच्या लसीकागाठींत जातो. माणसाला कंबर दुखते. धानाची पोती उचलणाऱ्याने कंबरदुखीला कशाला दचकावं? मलम, पट्टा, एक्स-रे, मणक्याच्या डॉक्टरकडे फेऱ्या सुरू होतात, आणि त्या काळात कोणी त्याला एकदा पायजमा उतरवायला सांगत नाही. पुढे फुप्फुसांत गेला की खोकला आणि दम. थुंकीत रक्त आलं तर टीबीचा संशय येतो. डाव्या गळपट्टीच्या हाडावर गाठ येते. अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला १९९६ मध्ये पंचविसाव्या वर्षी निदान झालं, तेव्हा रोग फुप्फुसांत आणि मेंदूत पोचला होता.

काही गाठी बीटा-एचसीजी नावाचं संप्रेरक तयार करतात. गरोदरपणाच्या पट्टीवर दोन रेघा उमटवतं ते हेच. पुरुषाच्या रक्तात ते वाढलं की छाती हुळहुळी होते, स्तन फुगतात. लाजेने मुलगा सैल शर्ट घालू लागतो, पोहायला तलावावर जाणं सोडतो. वयात येताना अनेक मुलांची छाती थोडी फुगते आणि ओसरते, त्यात काही विशेष नाही. पण विशी उलटल्यावर नव्याने असं झालं तर वृषणांची तपासणी करून घ्यावी.

वृषणातल्या बहुसंख्य गाठी ज्या बीजपेशींपासून होतात, त्या पेशी गर्भात लांबचा प्रवास करून जागेवर पोचतात. वाटेत काही मागे राहिल्या तर क्वचित तिथेच कर्करोग होतो. क्रिकेटपटू युवराज सिंगला झाला तो असा. २०११ च्या विश्वचषकात त्याने ३६२ धावा केल्या, १५ बळी घेतले, मालिकावीर ठरला. त्या काळात तो खोकत होता, चेन्नईत वेस्ट इंडिजविरुद्ध शतक ठोकताना मैदानावर ओकत होता. गाठ दोन फुप्फुसांच्या मध्ये होती, वृषणात नव्हती, पण जात तीच, बीजपेशींचा सेमिनोमा. २०१२ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसला डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांच्या देखरेखीखाली त्याने केमोथेरपी घेतली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तो भारताकडून पुन्हा खेळला.

हे आइनहॉर्न म्हणजे या आजाराचं नशीब पालटणारा माणूस. १९६५ साली बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जिवाणूंचं विभाजन थांबलं. विजेने नव्हे, तर प्लॅटिनमच्या कांड्यांतून सुटलेल्या संयुगाने. त्यातून सिस्प्लॅटिन हे औषध आलं. १९७४ मध्ये आइनहॉर्न यांनी ते इतर दोन औषधांसोबत पसरलेल्या वृषण-कर्करोगावर वापरलं. त्याआधी या अवस्थेतले फार थोडे तरुण वाचत. आज अमेरिकेतल्या नोंदींनुसार रोग वृषणापुरता असताना सापडलेल्यांपैकी ९९ टक्के पाच वर्षांनंतर जिवंत असतात आणि दूर पसरलेल्यांपैकीही ७३ टक्क्यांच्या आसपास. ही औषधं नागपुरात मिळतात, मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये मिळतात. कर्करोग म्हणजे सगळं संपलं, ही आपल्या मनातली भीती इतर कुठे काहीशी खरी असेल. इथे ती साफ खोटी आहे.

म्हणूनच आता जे सांगायचं आहे ते कळवळून सांगावंसं वाटतं. हायड्रोसीलच्या मुलुखात एक जुनी सवय आहे: फुगलेल्या अंडकोषात सुई घालून पाणी काढायचं. दहा मिनिटांत हलकं वाटतं, पैसे थोडे, ऑपरेशन नको. पाणी पुन्हा भरतं हा त्यातला लहान तोटा. आत गाठ असली तर सुई तिच्यातून जाऊ शकते आणि कर्करोगाच्या पेशी अंडकोषाच्या कातडीत पेरल्या जाऊ शकतात. अंडकोषाच्या कातडीची लसीका जांघेत जाते, म्हणजे एरवी ज्या वाटेने हा रोग जात नाही ती वाट आपणच उघडून देतो. हायड्रोसील समजून अंडकोषावर चीर घेतली आणि आत गाठ निघाली, तरी तेच होतं. मग जे काम एका नेटक्या शस्त्रक्रियेत झालं असतं, त्यात आणखी शस्त्रक्रिया, आणखी औषधं, वर्षानुवर्षांची धास्ती. संशय असेल तेव्हा शल्यविशारद वृषण काढतात ते जांघेतल्या चिरेतून, दोरी वर बांधून. तुकडा काढून तपासायची पद्धत इथे सहसा नाही. सरकारी मोहिमांत हायड्रोसीलच्या मोफत शस्त्रक्रिया होतात, ही पूर्व विदर्भासाठी फार मोलाची गोष्ट आहे आणि ज्यांना खरंच पाणी भरलंय त्यांनी ती जरूर करून घ्यावी. फक्त चाकू लागण्याआधी सोनोग्राफी झाली का, एवढं प्रत्येकाने विचारावं.

धोका कोणाला जास्त, तर ज्यांचं एक वृषण लहानपणी खाली उतरलंच नाही त्यांना. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलांपैकी साधारण तिघांचं जन्मतः उतरलेलं नसतं. बऱ्याच जणांचं पहिल्या काही महिन्यांत आपोआप येतं. सहा महिन्यांनंतरही पिशवी रिकामी लागली तर बाळाला शल्यविशारदांना दाखवावं. शस्त्रक्रिया दीड वर्षाच्या आत झालेली चांगली. स्वीडनमध्ये अशी शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे सतरा हजार जणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तेरा वर्षांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत कर्करोगाचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट होता, त्यानंतर झालेल्यांत पाचपटीहून जास्त. ‘मोठा झाल्यावर येईल खाली’ हा आजीचा दिलासा कितीही मायेचा असला, तरी या बाबतीत ऐकू नये. बाळाला अंघोळ घालणाऱ्या बाईच्या हाताला हे सगळ्यांत आधी कळतं. तिने सांगितलं तर मनावर घ्यावं. सख्ख्या भावाला किंवा वडिलांना हा आजार झालेला असेल, किंवा एका बाजूला होऊन गेला असेल, तर त्यांनीही सावध असावं.

इतरांनी दर महिन्याला तपासत बसावं का? सगळ्या निरोगी पुरुषांची सरसकट तपासणी करण्याची शिफारस अमेरिकेतल्या तज्ज्ञमंडळाने २०११ मध्ये नाकारली, कारण रोग विरळा आहे आणि उपचार इतके चांगले आहेत की अशा तपासणीने जीव वाचल्याचं दिसलं नाही. मला ते पटतं. रोज धास्तावून चाचपत बसण्याने काही साधत नाही. पण आपलं शरीर हाताला ओळखीचं असणं वेगळं, आणि बदल लागल्यावर तो कोणाला सांगणं त्याहून महत्त्वाचं.

सांगण्यापाशीच गाडं अडतं. अवघड जागेचं दुखणं आणि जावई वैद्य, अशी म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली ती उगाच नाही. गावात घरी येणारी आशाताई ही कोणाची तरी वहिनी, कोणाची मावशी. तिच्याशी पोरगा हे बोलणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. आरोग्य केंद्रातल्या पुरुष आरोग्यसेवकाशी बोलता येतं. थोरल्या भावाशी, मामाशी, जिमच्या मास्तरांशी बोलता येतं. लग्न झालेलं असेल तर बायकोशी. पुष्कळदा तिलाच आधी लागतं. मुलाच्या मनात बहुतेक वेळा एकच भीती असते: ‘काढून टाकलं तर मी बाप होईन का, लग्न होईल का?’ एक निरोगी वृषण संप्रेरकासाठी आणि अपत्यासाठी बहुधा पुरेसं असतं. उपचाराआधी वीर्य गोठवून ठेवण्याची सोय मोठ्या शहरांत आहे, आणि केमोथेरपीने शुक्राणू घटू शकतात म्हणून ते आधीच विचारून घ्यावं. हवं असल्यास अंडकोषात कृत्रिम वृषण बसवता येतं. बाहेरून कळत नाही.

कामठ्याच्या पोराला वाट लांबची नाही. गोंदियात केटीएस रुग्णालय आणि २०१६ साली सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे शल्यचिकित्सा विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात जावं. जाताना ‘पाणी भरलंय’ असं आपणच निदान सांगू नये. ‘एका बाजूला कडक लागतंय, अमुक आठवड्यांपासून, दुखत नाही’ असं सांगावं आणि दोन्ही बाजूंची डॉप्लरसह सोनोग्राफी मागावी. गाठ दिसली तर शस्त्रक्रियेच्या आधी रक्तात एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या तीन तपासण्या करायच्या असतात. नंतर केल्या तर तुलनेला पाया राहत नाही. त्या नॉर्मल आल्या म्हणून गाठ निर्दोष ठरत नाही, हेही डॉक्टरांकडून समजून घ्यावं. पुढचं काम नागपूरला होतं: शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेडिकल), एम्स, राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था. गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्सप्रेस थेट मुंबईला जाते, म्हणून टाटाही आवाक्याबाहेर नाही. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड पहिल्याच फेरीला सोबत ठेवावं, म्हणजे योजनेच्या खिडकीवरून परत घरी यावं लागत नाही.

शस्त्रक्रियेनंतर काहींना फक्त नजरेखाली ठेवतात, काहींना दोन-चार केमोथेरपीच्या फेऱ्या लागतात. मग पहिली दोन वर्षं दर काही महिन्यांनी रक्त आणि सीटी स्कॅन. रोग उलटला तर बहुधा याच काळात उलटतो आणि वेळेत सापडला तर तेव्हाही बरा होतो. रोवणीचा हंगाम असो की लग्नसराई, या तारखा चुकवायच्या नसतात.